चावी कुठाय?

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. ती चाकणकडं एका प्रेस शॉपमध्ये (मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं) सेफ्टीला नवीनच लागलीय, आणि आवाज एवढा घाबरलेला की मला वाटलं घरी काहीतरी झालं. म्हणाली अगं, आमच्याकडं डिशचं (सरकारच्या औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाचं) इन्स्पेक्शन आहे, दहा दिवस राहिलेत, कुठल्या कुठल्या फाईली लावू ते पटापट सांग. मी पाऊण तास सांगत होते, जेवण गार झालं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जे खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहितेय, तिच्यासाठी आणि या कामात नवीन आलेल्या सगळ्यांसाठी.

मी कोल्हापूरची. उद्यमनगरातल्या छोट्या छोट्या शेडमधनं वाढत वाढत हा फाउंड्रीचा, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा, धंदा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी असा पसरला, आणि आमच्याकडं निम्म्या घरातलं कुणी ना कुणी भट्टीवर नाहीतर मोल्डिंगला (वाळूचे साचे करतात तिथं) नाहीतर मशीन शॉपला असतंच. मी केमिस्ट्रीत बीएस्सी केलं, मग इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि गेली अकरा वर्षं फाउंड्रीतच आहे, सुरुवातीला सेफ्टी असिस्टंट म्हणून एका ठिकाणी, आता दुसऱ्या ठिकाणी ऑफिसर. दोन्ही कंपन्यांची नावं लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या की कायद्याच्या नजरेत फाउंड्री साधा कारखाना नाही. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट, त्याच्या पहिल्या परिशिष्टात धोकादायक प्रक्रियांची यादी होती आणि त्यात फाउंड्री सरळ नाव घेऊन लिहिली होती. भोपाळची गॅस गळती झाली १९८४ च्या डिसेंबरात, त्यानंतर १९८७ मध्ये कायद्यात एक अख्खं प्रकरण नवीन घातलं. कामगाराला कामातला धोका काय तो सांगायचा, कामाला लावायच्या आधी आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत त्याची डॉक्टरी तपासणी करायची, सेफ्टी कमिटीत मॅनेजमेंटची जेवढी माणसं तेवढीच कामगारांची, आणि जिवाला धोका दिसला तर तो वर सांगायचा कामगाराला हक्क. हे सगळं हजारो माणसं मेल्यावर आलेलं आहे. आता नवीन लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, फॅक्टरी ॲक्ट धरून तेरा कायदे मिळून सुरक्षेचा एकच कोड झालाय, त्यात इन्स्पेक्टरला इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर म्हणायचं ठरलंय. मी खाली सांगतेय त्या दोन्ही तपासण्या जुन्या कायद्याखालच्या आहेत, पण भट्टी तीच आहे आणि मिक्सरही तोच.

आता पहिली तपासणी. मी लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. पत्र आलं आणि कंपनीत लग्नघर असल्यासारखी धावपळ सुरू झाली. पंधरा दिवस पिवळा रंग चालला होता, चालायच्या वाटांवर पट्टे, रेलिंगला रंग, क्रेनच्या हुकला रंग, एवढा की हुकला चीर आहे का नाही तेसुद्धा दिसू नये. स्टोअरमधून कोरे करकरीत हेल्मेट, गॉगल, लेदरचे ॲप्रन निघाले, प्लॅस्टिकच्या पिशवीतनं काढून सकाळी वाटले आणि संध्याकाळी मोजून परत घेतले. आणि ट्रेनिंगचं रेकॉर्ड. तीन वर्षांचं ट्रेनिंग रेकॉर्ड आम्ही तीन संध्याकाळी कँटीनच्या टेबलावर तयार केलं. तारखा मागच्या, विषय वेगवेगळे, आणि सह्या एकाच निळ्या पेनानं. माणसं ओळीनं यायची, कागद कसला आहे ते न वाचता सही करायची, ज्याला लिहिता येत नाही तो अंगठा लावायचा. तो स्टॅम्पपॅड माझ्या हातात होता. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, सगळीकडं असंच असतं म्हणाले आणि मी मान डोलावली, ही माझी चूक आहे आणि ती मी अजून विसरलेली नाही.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांनी त्यातला एक कागद उचलला, फर्नेस (भट्टी) सेफ्टीचा, आणि एका पोराला बोलावलं. ही सही तुझी का? होय सर. या दिवशी काय शिकवलं होतं? पोरगा माझ्याकडं बघायला लागला. साहेब काही बोलले नाहीत, रागावलेसुद्धा नाहीत, कागद परत फाईलला लावला आणि आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. जो काही शेरा आला त्याला आम्ही उत्तर दिलं, पुढच्या ट्रेनिंगचं वेळापत्रक जोडलं आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

त्याच साली पावसाळ्यात, आषाढातली गोष्ट, आमच्याकडं पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे, आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. स्क्रॅप यार्ड उघड्यावर. वितळलेलं लोखंड चौदाशे डिग्रीच्या आसपास असतं, आणि त्यात पाणी गेलं, म्हणजे लोखंडाच्या वर न पडता आत बुडालं, तर त्याची क्षणात वाफ होते आणि पाण्याची वाफ होताना ते सोळाशे सतराशे पट फुगतं. तेवढी जागा भट्टीत नसते, मग ते समोर जे आहे त्याला उडवून बाहेर येतं. त्या दिवशी चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत घालायच्या मालात, ओलं बोरिंग गेलं. बोरिंग म्हणजे मशीन शॉपमधनं येतो तो लोखंडाचा चुरा, तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो, वरनं कोरडा दिसतो आणि आतनं ओला. फर्नेसच्या प्लॅटफॉर्मवर जो पोरगा होता त्याच्या पायावर मेटल आलं. त्याच्या पायात नाडीचे बूट होते. साधे सेफ्टी शूज, पुढं स्टीलची टोपी असलेले, चांगल्या कंपनीचे, कागदोपत्री एकदम बरोबर. पण मेटल वरनं बुटात घुसलं आणि नाडी सोडता येईना, तो खाली बसून दोन्ही हातांनी नाडी ओढत होता आणि आम्ही बघत होतो, शेवटी एकानं चाकूनं बूट कापला. फर्नेस सेफ्टीच्या त्या कागदावर त्याचीही सही होती. तिसऱ्या ओळीत.

तो वाचला, पाय राहिला, पण किती महिने घरी होता आणि आता चालताना पाय कसा टाकतो ते मी पाहिलेलं आहे. ४८ तासांपेक्षा जास्त कामावर येता येणार नाही अशी दुखापत झाली की डिशला कळवावं लागतं, ती नोटीस मीच टाईप केली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर ऑफिसात दोन तास चर्चा झाली, आणि त्या दोन तासांत एकदासुद्धा कुणी म्हटलं नाही की त्याला शिकवलंच नव्हतं. मीही म्हटलं नाही.

म्हणून मैत्रिणीला मला हे सांगायचं होतं की बाई, फाईल लावायला दोन दिवस खूप झाले, उरलेले आठ दिवस तू मशीनवरच्या माणसाजवळ जाऊन उभी राहा आणि त्याला विचार, तुझा हात अडकला तर काय करशील, मशीन बंद कुठनं होतं, ते दाखव मला. तो जे उत्तर देईल ती तुझी तयारी. उत्तर नाही आलं तर तिथंच शिकव, दुसऱ्या दिवशी परत विचार.

ट्रेनिंग म्हणजे काय याबद्दल माझं मत आता एकदम पक्कं झालंय. शिफ्ट सुटल्यावर दमलेल्या माणसांना हॉलमध्ये बसवून साठ स्लाईडचं इंग्रजी प्रेझेंटेशन दाखवणं याला मी ट्रेनिंग म्हणत नाही, आणि तरी बऱ्याच ठिकाणी आजही तेच चालतं. सेफ्टी ऑफिसरला तिथल्या बहुसंख्य कामगारांची भाषा नीट यायला पाहिजे ही अट आपल्याकडं नियमातच आहे, उगाच नाही घातलेली. आमच्याकडं फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करतात तिथं) बिहारचे, सँड प्लांटला (साच्याची वाळू तयार होते तिथं) ओडिशाचे, मोल्डिंगला आपल्या इथल्या पन्हाळा शाहूवाडी भागातले, तर मी मराठीत बोलते, मग मोडक्यातोडक्या हिंदीत, आणि ओडिशाच्या पोरांसाठी त्यांच्यातलाच एकजण जो सहा वर्षं इथं आहे तो त्यांच्या भाषेत सांगतो. मला कळत नाही तो काय सांगतो, पण मग मी त्यांना करून दाखवायला लावते, हात बरोबर जागी जातो का ते बघते, त्याला भाषा लागत नाही. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं, कामाच्या जागेवरच, एका वेळी एकच विषय. एवढंच.

कपड्याचा प्रयोग सांगते कारण तो तुम्ही उद्या करू शकता. फर्नेसवर आणि पोअरिंगला (मेटल साच्यात ओततात तिथं) पॉलिस्टर घालायचं नाही हे आम्ही पोस्टरवर लिहून थकलो होतो, पोरं ऐकायची नाहीत, टेरिकॉट सुरकुतत नाही आणि लवकर वाळतं, रूमवर आठजण राहतात आणि धुवायला एकच नळ, त्यांचंही बरोबर आहे. मग एक दिवस मी दोन चिंध्या नेल्या, एक सुती आणि एक टेरिकॉटची, दोन्ही चिमट्यात धरल्या आणि तापवलेला खिळा टेकवला. सुती कापडाला भोक पडलं, कडा काळी झाली, हातानं चोळल्यावर राख झाली. टेरिकॉटचं मात्र पाणी झालं, थेंब होऊन लोंबायला लागलं आणि चिमट्याला चिकटलं ते चिकटलंच, खरवडून निघेना. मी फक्त म्हटलं, हा चिमटा म्हणजे तुमच्या हाताचा दंड समजा. कुणी काही बोललं नाही, आणि हळूहळू जो तो आपल्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळून बघायला लागला. दुसऱ्याच दिवशी मी मॅनेजमेंटकडनं प्रत्येकाला दोन जादा सुती सेट मंजूर करून घेतले, कारण नुसतं भीती दाखवून पाठवलं आणि घालायला दिलंच नाही तर तो माणूस काय करणार?

बुटाचंही तसंच. आता आमच्याकडं फर्नेस आणि पोअरिंगला बिननाडीचे बूट आहेत, आणि लेगगार्ड पँटच्या वर, पँट बुटाच्या बाहेर, आत खोचायची नाही, म्हणजे मेटल आलं तरी बाहेरच्या बाहेर ओघळून जातं. दर महिन्याला बूट काढायची शर्यत लावते. शिट्टी वाजली की बूट काढून लांब फेकायचा. फर्नेसचे मामा, साठीला आलेत, ते हसतात आणि दरवेळी पहिले येतात.

स्क्रॅपचं ट्रेनिंग मात्र मी देत नाही. ते यार्डातल्या मावशी देतात. त्या वीस वर्षं स्क्रॅप निवडतायत, कुठली वस्तू भट्टीत फुटते ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. दोन्ही तोंडं दाबलेला पाईप, बाटला, आणि मोटारसायकलचा शॉकॲब्सॉर्बर, हे ढिगात लपलेलं असतं, आत हवा नाहीतर तेल कोंडलेलं, भट्टीत गेलं की बॉम्बच. नवीन माणूस आला की मावशी त्याला ढिगासमोर बसवतात आणि म्हणतात, ह्यातलं मला पाच जिन्नस काढून दाव जे आत जायाचं न्हाईत. एका पोरानं चार काढले आणि म्हणाला झालं. मावशी म्हणाल्या, पाचवा तुझ्या बुडाखाली हाय बघ. तो शॉकॲब्सॉर्बरवरच बसला होता. ही गोष्ट आता कंपनीत सगळ्यांना पाठ आहे आणि तेव्हापासून बसायच्या आधी सगळे खाली बघतात. पावसाळ्यात आता बोरिंग शेडमध्ये ठेवतो, चार्ज तापवून कोरडा करूनच आत, आणि मावशींनी ओलं आहे म्हटलं तर मेल्टिंगचा इनचार्जसुद्धा ते ढकलू शकत नाही, हा नियम कमिटीत पास करून भिंतीवर लावलाय.

आग विझवायचा सिलिंडर, त्याबद्दल एक सोपी युक्ती. रिफिलिंगची तारीख जवळ आली की सिलिंडर तसाच भरलेला पाठवू नका, त्याआधी ट्रेनिंगला वापरा, एका ट्रेमध्ये आग करा आणि ज्यानं आयुष्यात कधी पिन ओढली नाही त्याच्या हातात द्या. बहुतेक माणसं ज्वाळेच्या शेंड्यावर मारतात. बुडाशी मारायचं असतं, आणि हा सहा किलोचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो हे एकदा हातानं अनुभवलं की मग माणूस लांबनं उगाच फवारत बसत नाही. वितळलेल्या मेटलजवळ पाणी कधीच नाही, तिथं कोरडी वाळू, हे वेगळं सांगायला नको पण दरवेळी सांगते. आणि भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही, बर्फ नाही. हे मी बायकांनासुद्धा सांगते, सुरक्षा सप्ताहाला घरची माणसं येतात तेव्हा, कारण टूथपेस्टची सवय घरनंच येते.

सुरक्षा सप्ताहावरून आठवलं, ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन, १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून. शपथ, पोस्टर स्पर्धा, घोषवाक्य, बक्षिसं, सगळं करा, मी पण करते, माणसं आनंदानं भाग घेतात. फक्त त्या आठवड्यात एक मॉकड्रिल रात्रपाळीत घ्या. आम्ही पहिल्यांदा रात्री अडीचला सायरन वाजवला तेव्हा कळलं की जमायची जागा म्हणून जिथं हिरवा बोर्ड लावलाय तिथं रात्री स्क्रॅपचे दोन ट्रक उभे असतात, आणि मागच्या गेटची चावी सिक्युरिटीच्या ज्या माणसाकडं असते तो पुढच्या गेटला बसतो. दिवसा दहा ड्रिल घेतले असते तरी हे कळलं नसतं. त्या रात्री बाहेर पडायला किती वेळ लागला तो आकडा मी इथं लिहीत नाही, पण कमिटीत लिहिला आणि दुसऱ्या दिवशी मागच्या गेटला आतनं उघडणारी कडी बसली.

बरं, फाईलींचं पण सांगते नाहीतर मैत्रीण रागवेल. लायसन, मंजूर नकाशा, इमारतीचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, क्रेन आणि चेन ब्लॉक यांचे वर्षाचे आणि माल चढवायच्या लिफ्टचे सहा महिन्यांचे तपासणी रिपोर्ट, एअर रिसीव्हरचे (दाबाखालची हवा साठवायच्या टाकीचे) रिपोर्ट, मेडिकलचे रेकॉर्ड, अपघात रजिस्टर, कमिटीचे मिनिट्स, ट्रेनिंग. हे रिपोर्ट नुसते लावू नका, वाचा. काँपिटंट पर्सननं, म्हणजे तपासणी करणाऱ्या अधिकृत माणसानं, खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं, वायर रोपचे तार तुटलेत, लिमिट स्विच चालत नाही, आणि ते वर्षभर तसंच असतं, इन्स्पेक्टर पहिलं तेच वाचतो. मेडिकलचं पण, एक्सरे काढले म्हणजे झालं असं नाही. फाउंड्रीच्या धुळीत सिलिका असते, फुप्फुसात बसली की परत निघत नाही, सिलिकोसिस हा कायद्यात नाव घेऊन कळवायचा आजार आहे, आणि डॉक्टरनं एखाद्याच्या नावापुढं धुळीतनं हलवा असं लिहिलं असेल तर तो माणूस आज कुठं उभा आहे ते बघा. मागच्या तारखेचा एकसुद्धा कागद करू नका. नसेल झालं तर नाही झालं सांगा, कधी करणार ते सांगा. मी आता तसंच करते आणि त्याबद्दल मला कुणी ओरडलेलं नाही.

आता दुसरी तपासणी, जिच्यासाठी एवढं सगळं लिहिलं.

सध्याच्या कंपनीतली, अलीकडचीच. सकाळी साहेब आले, चहा नको म्हणाले, अर्धा पाऊण तास फाईली बघितल्या आणि म्हणाले चला फिरून येऊ. फर्नेस झालं, मोल्डिंग झालं, आणि सँड प्लांटला आलो तर तिथं मिक्सरची साफसफाई चालली होती. ज्यांनी फाउंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, मिक्सर म्हणजे एक मोठी गोल टाकी, आत जड चाकं आणि नांगरासारखी पाती फिरतात, वाळू, बेंटोनाइट माती आणि पाणी त्यात मळलं जातं. आतल्या भिंतीला वाळू थापली जाते ती खरवडायला माणसाला आत उतरावं लागतं. आणि बाहेरनं बघितलं तर आत माणूस आहे हे दिसत नाही. पॅनलवरचं बटण वीस फुटांवर. मोल्डिंगवाला ओरडतो वाळू पाहिजे, कुणीतरी येतं आणि बटण दाबतं. एवढंच लागतं. फाउंड्रीत माणूस गमवायची ही सगळ्यात भयंकर जागा आहे आणि ज्यांनी ती पाहिलीय ते त्यावर बोलत नाहीत.

म्हणून आम्ही कुलपं केलीत. प्रत्येकाचं स्वतःचं लाल कुलूप, त्यावर त्याचा फोटो. आत उतरायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्याजवळ, मग बटण दाबून बघायचं खरंच बंद आहे का, आणि मगच आत. दोघं उतरणार असतील तर दोन कुलपं. हे शिकवायला मला चार महिने लागले, त्यातला सगळ्यात जास्त वेळ सुपरवायझर लोकांना पटवण्यात गेला, कामगारांना लगेच कळलं.

साहेबांनी पॅनलवरचं कुलूप बघितलं, फोटो बघितला आणि मिक्सरच्या दारापाशी वाकून आतल्या पोराला बाहेर बोलावलं. ओडिशाचा पोरगा, बावीस तेवीसचा, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या वाळूनं माखलेला, फक्त डोळे दिसत होते. मला पहिल्या तपासणीतला तो पोरगा आठवला, माझ्याकडं बघणारा, आणि पोटात गोळा आला.

साहेबांनी विचारलं, चावी कुठाय?

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मास्क खाली केला, शर्टाच्या आत हात घातला आणि गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला, त्यात जगन्नाथाचं छोटं लॉकेट आणि शेजारी चावी. मेरे पास है सर.

साहेब म्हणाले, सुपरवायझर बोला अर्जंट है, चाबी दे, तो?

नहीं देगा. मैं बाहर आएगा, गिनती करेगा, फिर मैं ही खोलेगा.

दूसरी चाबी किसके पास है?

दूसरी नहीं है सर, तो म्हणाला, एकदम ठामपणे, कारण मीच त्याला तसं सांगितलं होतं, चार महिने, दर आठवड्याला, तुझ्या कुलपाला जगात एकच चावी आहे म्हणून.

साहेब माझ्याकडं वळले. मॅडम, कुलूप विकत घेतलं तेव्हा चाव्या किती आल्या?

दोन. प्रत्येक कुलपाबरोबर दोन येतात. दुसऱ्या सगळ्या माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होत्या, एका पाकिटात, कुणाची हरवली तर असू दे म्हणून. ड्रॉवरला कुलूप होतं आणि त्याची चावी माझ्याकडं, पण मी रजेवर असते तेव्हा ती एचआरकडं असते. मला तिथं उभ्या उभ्या घाम फुटला. मी खरं ते सांगितलं, त्या पोरासमोरच. साहेबांनी वहीत लिहिलं आणि एवढंच म्हणाले, यानं उत्तर बरोबर दिलंय, आता ते खरं करा.

त्या पोराचा चेहरा मी बघू शकले नाही. तो काही बोलला नाही, मास्क वर केला आणि परत आत उतरला.

संध्याकाळी शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं जमवून मी ते पाकीट टेबलावर रिकामं केलं, सतरा चाव्या. सगळ्यांना सांगितलं की दुसरी चावी होती, माझ्याकडं होती, आणि मी तुम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं. मला त्या फर्नेसमध्येच टाकायच्या होत्या पण मामा म्हणाले, पितळ हाय ते मॅडम, लोखंडात नको. मग फेटलिंगच्या कटरवर एकेक धरून मधोमध कापल्या. हरवली तर काय, तेही तिथंच ठरलं, ज्याचं कुलूप तो स्वतः समोर उभा पाहिजे, सुपरवायझर पाहिजे, मी पाहिजे, मग कुलूप कापायचं, दुसरा रस्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा ऑफिसच्या दारात आला. मॅडम, मेरी वाली भी कट गई ना? मी तुकड्यांचा डबा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं दोऱ्यातली आपली चावी बाहेर काढली, तिच्यावर बारीक कोरलेला नंबर अंगठ्यानं पुसून वाचला आणि डब्यातले तुकडे एकेक करून उलटे करत बसला, दहा मिनिटं तरी, मी मधे बोलले नाही. सापडल्यावर त्यानं दोन्ही अर्धे जोडून नंबर परत एकदा ताडून बघितला, डब्यात टाकले आणि मिक्सरकडं गेला.